सुट्या भागांचे गाव

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघालेला मनुष्य खडकी मागे टाकून दापोडीच्या पुलावरून मुळा नदी ओलांडतो, तेव्हा आपण एका शहराची हद्द सोडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरलो याची जाणीव होण्याचे काही कारण आज त्याला उरलेले नाही. परंतु १ एप्रिल २०१३ पर्यंत, म्हणजे जकात जाऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर येईपर्यंत, मालाच्या दृष्टीने ती हद्द फार खरी होती, आणि नाक्यावर पावती झाल्यावाचून व्यापाऱ्याचा कोणताही जिन्नस पिंपरी-चिंचवडच्या मुलखात उतरणे कायद्याला मंजूर नव्हते. लोखंडाच्या सळया, बेअरिंगच्या पेट्या, रंगाचे डबे आणि रसायनांची पिंपे यांच्या जकातीवर ही महापालिका इतकी गब्बर झाली की आशिया खंडातील सर्वांत श्रीमंत नगरसंस्था असा तिचा लौकिक लोक अभिमानाने सांगत. त्याच रस्त्याने, नव्वदच्या दशकापासून, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणि पुण्याच्या इतर बाजारांतून आणखी एक माल या गावात येऊ लागला होता : पुठ्ठ्याच्या खोक्यांतले मदरबोर्ड, चंदेरी पिशवीत गुंडाळलेल्या रॅमच्या पट्ट्या, पत्र्याची कॅबिनेटे, आणि क्वचित एखादे ग्राफिक्स कार्ड, जे घेणाऱ्याने महिनामहिना हिशेब करून, बोनसच्या रकमेला नजरेसमोर ठेवून निवडलेले असे. जकातीच्या रकमा दप्तरांत नोंदल्या गेल्या आणि त्यांवर भाषणेही पुष्कळ झाली. परंतु कामगाराच्या घरात खेळासाठी म्हणून जुळवल्या गेलेल्या त्या संगणकाचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

हा इतिहास या गावाच्या स्वभावाशी जोडलेला आहे, म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस वसली आणि तिच्यातूनच पुढे पिंपरीची भरभराटीची बाजारपेठ उभी राहिली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना येथे स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्याने चिंचवड-भोसरीच्या माळावर भूखंड आखले. आकुर्डीस बजाज आणि पिंपरी-चिंचवडला टाटांची टेल्को हे दोन मोठे कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. या सर्व घटना परिचित आहेत. त्यांच्या आडोशाला जे घडले ते मात्र अधिक खोलवर गेले. मोठ्या कारखान्याला लागणारे हजारो भाग पुरवण्यासाठी भोसरीच्या गाळ्यागाळ्यांत लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची यंत्रे बसली. एकाने बुश कातावा, दुसऱ्याने तो घासावा, तिसऱ्याने त्यावर प्लेटिंग चढवावे, आणि संपूर्ण वस्तू कशी दिसते हे तिघांपैकी एकालाही पाहावयास मिळू नये, अशी येथील कामाची रचना होती. आपण केलेला भाग दुसऱ्या कोणी केलेल्या भागात बसला पाहिजे, आणि तो बसेल की नाही हे मत देऊन नव्हे तर ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी दोन टोके असलेल्या गेजने ठरते, ही शिस्त या गावाने दोन पिढ्या अंगी बाणवली; फिटर, टर्नर, सेटर यांच्या घरांत ‘क्लिअरन्स’ आणि ‘टॉलरन्स’ हे शब्द भाजी-भाकरीइतके सहज बोलले गेले. सुटा भाग स्वतः कितीही उत्तम असो, त्याची किंमत तो ज्या जुळणीत बसावयाचा तिच्यावरून ठरते, हे ज्ञान येथे पुस्तकातून आलेले नाही.

जुनी वस्तू सोडवून, तिचे भाग पारखून, नव्या जागी जुळवण्यात कमीपणा नाही, हेही या गावाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहे. ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची इंडिका गाडी बाजारात आली, आणि संपूर्ण भारतीय बनावटीची गाडी म्हणून तिचे कौतुक झाले ते यथार्थच होते. परंतु ज्या कारखान्यात ती घडली तो कारखाना ऑस्ट्रेलियात निसान कंपनीने बंद केलेला होता, आणि टाटांच्या अभियंत्यांनी तो तेथे जाऊन खरेदी केला, खोलला, जहाजांवर चढवला आणि पिंपरीत आणून पुन्हा उभा केला. नव्या कारखान्याला जो खर्च आला असता त्याच्या एका लहान अंशात हे काम झाले. अपुऱ्या भांडवलात मोठा बेत तडीस न्यावयाचा तर सर्व काही नवे घेण्याचा मोह आवरावा लागतो, जुन्यापैकी काय टिकाऊ आहे ते ओळखावे लागते, आणि जो थोडा पैसा हाती आहे तो जेथे फळ देईल तेथेच ओतावा लागतो. ज्या वर्षी पिंपरीत ही जुळणी चालली होती त्याच वर्षी निगडीच्या, येथल्याच संभाजीनगर वस्तीच्या आणि चिंचवडच्या घरांतून मुले आपल्या संगणकासाठी हाच हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर मांडीत होती, आणि या दोन हिशेबांत मला आकाराखेरीज दुसरा भेद दिसत नाही.

घरगुती संगणक मुळात सुट्या भागांचा झाला याचे श्रेय १९८१ साली आयबीएमने घेतलेल्या एका निर्णयाकडे जाते. त्या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून जुळवला आणि त्याची अंतर्रचना उघड ठेवली, त्यामुळे इतरांना तसेच यंत्र बनवण्याची वाट मोकळी झाली आणि अल्पावधीत साऱ्या जगात, एकाच मापाच्या खाचांत बसणारे, निरनिराळ्या कारखानदारांचे भाग मिळू लागले. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने परवान्यांची बंधने सैल केली आणि १९९१ नंतर ती अधिकच ढिली झाली. पुण्यात त्याच १९९१ साली सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. परदेशातून मिळू न शकलेल्या एका प्रचंड यंत्राच्या जागी अनेक लहान प्रक्रियक एकत्र गुंफून काम साधावयाचे, हा डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मार्ग होता. अभावातून जन्मलेली जुळणी ही दुय्यम जुळणी असते असे मानणाऱ्यांना या एका उदाहरणाने निरुत्तर व्हावे.

बाजारात मात्र ‘असेंबल्ड’ हा शब्द दीर्घकाळ थोडा खालच्या आवाजात उच्चारला जात असे. नामांकित कंपनीचा तयार संगणक घेण्याची ऐपत अधिकाऱ्याची; कामगाराच्या घरी यावयाचा तो जुळवलेला डबा, आणि तोही शिक्षणाच्या नावाने. मुलगा डिप्लोमाला गेला, त्याला ऑटोकॅड शिकावयाचे आहे, किंवा मुलीला एमएस-सीआयटी करावयाची आहे, असे कारण सांगितल्यावाचून सोसायटीचे कर्ज काढण्याची परवानगी घरातून मिळत नसे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाल्यावर त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने तर संगणकाला घराघरांत अधिकृत प्रवेशपत्रच मिळवून दिले. परंतु ऑटोकॅडला जे लागे तेच खेळालाही लागे, ही गोष्ट मुलांच्या लवकर ध्यानी आली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेला, ‘रोड रॅश’ आणि ‘व्हाइस सिटी’ मित्राच्या घरी पाहून आलेला मुलगा वडिलांसमोर रॅम वाढवण्याचा विषय काढी तेव्हा तो अभ्यासाचाच हवाला देई, आणि वडीलही, खरे कारण ओळखून, तो हवाला मान्य करीत. त्या मौन संमतीत मला फार वात्सल्य दिसते. आठ तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला, आपल्या मुलाला खेळावेसे वाटते, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भाग निवडण्याची विद्या त्या काळी तोंडी परंपरेनेच चालत असे. मदरबोर्डावरील जम्पर कोणत्या पिनांवर सरकवावयाचा, हे दुकानातल्या जोडणाऱ्या पोराकडून शिकावयाचे, आणि ते ज्ञान मित्रमंडळींत वाटावयाचे. १९९८ साली इंटेलने काढलेला ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर या परंपरेत विशेष मान पावला, कारण त्याचा वेग मदरबोर्डावरील बसच्या ६६ मेगाहर्ट्झला साडेचारने गुणून ठरलेला होता, आणि बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चालू शके. पुष्कळ प्रोसेसर तसे निमूटपणे चालतही. लेथचा वेग वाढवला तर हत्यार किती तापते याचा अनुभव असलेल्या घरांत ही युक्ती समजावयास वेळ लागला नाही, आणि त्याबरोबर पंखा मोठा बसवला पाहिजे हेही कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

खर्च कमी होण्यास राज्यव्यवहाराचाही हातभार लागला. माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ साली सामील झाला आणि संगणक व त्याच्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत बहुतेक संपुष्टात आले. शुल्क गेले, पण वीजही गेली. ज्यांनी २००५-०६ चे भारनियमन भोगले आहे त्यांना आठवत असेल की त्या दिवसांत संगणकाच्या अंदाजपत्रकातील पहिला आकडा यूपीएसचा असे आणि बाकीचे भाग उरलेल्या रकमेत बसवावे लागत. २००६ साली पुणे परिसरातील उद्योगांनी आपापली जनित्रे चालवून तेवढी वीज ग्रीडवरून न घेण्याची जी व्यवस्था केली, आणि जी पुढे ‘पुणे मॉडेल’ म्हणून देशभर चर्चिली गेली, तिने हा भार पुष्कळ हलका केला. दिवसा ज्या कारखान्यात बाप काम करीत असे त्याच्याच जनित्रामुळे संध्याकाळी मुलाच्या पडद्यावर खेळ टिकून राहावा, हा योग या पट्ट्यातच घडू शकत होता.

विजेचा विषय निघाला म्हणून एक स्वतःचा अनुभव सांगतो. नवे ग्राफिक्स कार्ड घेताना सारी रक्कम त्यावर खर्च करून मी एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र एका दुकानातून सर्वांत स्वस्त तो उचलला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेले होते आणि मी ते खरे मानले. तिसऱ्या आठवड्यात एक आवाज झाला, जळका वास आला, आणि एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. शेजारी एक सेवानिवृत्त इलेक्ट्रिशियन राहत असत. त्यांनी तो डबा हातात घेऊन प्रथम त्याचे वजन पाहिले, मग चष्मा लावून बारीक अक्षरांतली ओळ वाचली, आणि मला १२ व्होल्टच्या पुढे लिहिलेले १५ अँपिअर दाखवले. बारा गुणिले पंधरा म्हणजे १८० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर या दोघांनी जेथून जेवावयाचे ते ताट एवढेच होते. त्या दिवसापासून कोणी मला उपलब्ध पैशांत खेळाचा संगणक सुधारावयाचा मार्ग विचारला की मी आधी एसएमपीएसच्या पाठीवरचा तक्ता वाचावयास लावतो, मग बाकीचे बोलतो.

दुसरे तत्त्व या पट्ट्यातील माणसाला एका वाक्यात कळते. असेंब्ली लाइनवर पन्नास स्टेशने असली तरी गाडी बाहेर पडते ती सर्वांत संथ स्टेशनाच्या वेगाने. म्हणून बाकीच्या एकोणपन्नासांवर खर्च केलेला पैसा वाया जातो. जुन्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरवर महागडे कार्ड चढवणारा हाच अपव्यय करतो. कित्येक वेळा ८ जीबीची एकच पट्टी काढून ४ च्या दोन पट्ट्या बसवल्याने, किंवा फिरत्या हार्ड डिस्कच्या जोडीला लहानशी एसएसडी दिल्याने, जो फरक पडतो तो तिप्पट पैसे टाकूनही दुसरीकडे मिळत नाही. कोणते स्टेशन अडते आहे हे आधी पाहावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पाळतात थोडे, कारण ग्राफिक्स कार्डाच्या खोक्याचे आकर्षण विलक्षण असते.

खरेदीच्या दिवसाचीही एक कथा आहे. विजेच्या व्यवस्थेसाठी या पट्ट्यातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी फार पूर्वीपासून गुरुवारी आहे. पुण्याचा जुना बाजार मात्र बुधवारी आणि रविवारी भरतो. त्यामुळे पिंपरीच्या कामगाराला जुन्या बाजारात जावयाचे तर खाडा करावा लागे किंवा दुसऱ्या पाळीच्या आधीची सकाळ साधावी लागे, आणि गुरुवारी जावे तर तपकीर गल्ली. गल्लीत नवा माल बिलासह आणि वॉरंटीसह. बाजारात जुना माल नशिबासह. ज्याने खाडा करून, अर्धा दिवस उन्हात हिंडून, जुने पण अभंग कार्ड आणले, त्याच्याविषयी मोहल्ल्यात जो आदर उत्पन्न होई तो बिलाने घेतलेल्या वस्तूला कधी लाभला नाही.

पुढे कारखान्यांचे केंद्र उत्तरेकडे, चाकणकडे सरकले. चाकण म्हटले की जुन्या माणसाला फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आठवतो आणि व्यापाऱ्याला कांद्याचा बाजार. आजच्या तरुणाला आठवतात त्या कंपन्या. बजाजचा कारखाना तेथे १९९९ च्या सुमारास आला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये, महिंद्राही त्याच सुमारास, आणि त्यांच्या मागोमाग पुरवठादारांची रांग. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे या गावांतून शेतजमिनींच्या जागी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि एकेका खोलीत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले तिघे-चौघे आयटीआय झालेले तरुण राहू लागले. यांना सोसायटीचे कर्ज नाही, बोनसची शाश्वती नाही, आणि घर कोणत्या महिन्यात सोडावे लागेल याचा नेम नाही. यांचा संगणक म्हणूनच निराळ्या वाटेने आला.

कंपन्यांची कार्यालये आपले संगणक तीन-चार वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतात आणि मुदत संपली की सोडून देतात. ते घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन, पुसून, तपासून, पुन्हा विक्रीस येतात. चौथ्या पिढीचा कोअर आय५, ८ जीबी रॅम, मजबूत पत्र्याचे कॅबिनेट असा एखादा यंत्रराज नव्या संगणकाच्या तुलनेत अगदी क्षुल्लक किमतीस मिळतो. त्याची अडचण एकच : ही यंत्रे कारकुनी कामासाठी घडलेली, त्यामुळे त्यांचा एसएमपीएस बहुधा ३०० वॅटच्या आतला, त्यात ग्राफिक्स कार्डाला लागणारी वेगळी वायर नाही, आणि जोडणीचे मापही पुष्कळदा कंपनीचे स्वतःचे, त्यामुळे बाजारातला दुसरा बसत नाही. मदरबोर्डावरील स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. तेव्हा ७५ च्या आत भागवणारे कार्ड हवे. आणि असे कार्ड २०१४ साली एनव्हिडियाने ‘जीटीएक्स ७५० टीआय’ या नावाने, ६० वॅटचे, आणि २०१६ साली ‘१०५० टीआय’ या नावाने, बरोबर ७५ वॅटचे, काढले. श्रीमंत खेळाडूंच्या चर्चेत या दोन कार्डांना फारसे स्थान नाही, परंतु ज्यांच्याकडे दुसऱ्याने टाकलेले यंत्र होते त्यांच्यासाठी ती दोन कार्डे म्हणजे खेळाच्या दालनाची किल्लीच ठरली, आणि या इतिहासात त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे असे मी म्हणेन.

त्यानंतरची वर्षे गरीब खेळाडूला कठीण गेली. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आभासी चलन खणणाऱ्यांनी बाजारातली कार्डे उचलल्यामुळे साध्या कार्डाचेही भाव आवाक्याबाहेर गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या अशाच एका चलनाची खाण पद्धत बंद झाली तेव्हा तीच कार्डे, अहोरात्र राबून थकलेली, जुन्या बाजारात आली, आणि घेणाऱ्याला पंख्याचा आवाज आणि थर्मल पेस्टचा रंग यांवरून त्यांचे आयुष्य ओळखावे लागले. एक आधार मात्र भक्कम मिळाला होता. एएमडीने २०१६-१७ पासून एएम४ हे एकच सॉकेट टिकवून धरले, त्यामुळे २०१८ साली घेतलेल्या बी४५० जातीच्या बोर्डावर बायॉस नवे करून २०२२ चा ‘रायझन ५६००’ बसवता येऊ लागला. याउलट इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा बोर्ड घेतलेल्याला चौथ्या पिढीसाठी तो टाकूनच द्यावा लागला होता. खाच न बदलणे हा कारखानदाराने गरीब गिऱ्हाइकावर केलेला मोठा उपकार आहे, आणि ज्या गावात जुन्या चेतक स्कूटरचे भाग वर्षानुवर्षे जपून ठेवले गेले त्या गावाला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराचा जो अफाट बाजार होता, त्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कारवाई करून हजारो गोदामे पाडली. त्या गोदामांपैकी पुष्कळ अनधिकृत होती, तेथे लागणाऱ्या आगींनी परिसर धास्तावलेला होता, हे सर्व मान्य आहे. तरी वस्तू कोठून सुटते आणि कोठे पुन्हा लागते याची माहिती जेथे डोक्याडोक्यांत साठलेली होती असा एक मुलूख त्यामुळे विखुरला, याचे मला दुःख आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा आधार संपला, नव्या विंडोजला आठव्या पिढीपूर्वीचे इंटेल प्रोसेसर अमान्य असल्यामुळे कार्यालयांतून चालते संगणक आणखी मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, आणि वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव भडकले. यंत्रे मुबलक आणि रॅम महाग, अशी ही विचित्र वेळ आहे. जुन्या डीडीआर३ पट्ट्या, ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्या आता पुन्हा निवडून ठेवल्या जात आहेत.

अशा वेळी, एका गुरुवारी, मी महाळुंगे येथील एका खोलीत गेलो होतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली काढलेला ‘राजी’ हा खेळ, ज्यात आपल्याकडच्या देवदेवता आणि मंदिरे पाहावयास मिळतात, तो आपल्या संगणकावर चालावा अशी तेथील एका तरुणाची इच्छा होती. तो टूलरूममध्ये फिटर. सोबतचे दोघे रात्रपाळीहून येऊन झोपलेले. त्याने डब्याची बाजू आवाज न करता उघडली, फडक्याने धूळ टिपली, आणि पिशवीतून व्हर्निअर काढला. विकणाऱ्याने कार्डाची लांबी १७० मिलिमीटर कळवली होती. स्लॉटच्या कडेपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचे अंतर व्हर्निअरला एका दमात पुरेना, म्हणून त्याने मध्ये पेन्सिलीची खूण केली, दोन टप्प्यांत माप घेतले, पुन्हा एकदा उलट बाजूने घेतले, आणि पगाराच्या पावतीच्या पाठीवर बेरीज मांडली. मग निजलेल्यांकडे एकवार पाहून हळू आवाजात म्हणाला, “काका, १७२ भरतंय. दोनचा क्लिअरन्स आहे, बसेल.”